नाव दिसल्याशिवाय पिन नाही

लालबागला राहणारी माझी मामी घरून चकल्या आणि लाडू विकते, आणि तिच्याकडचे बहुतेक पैसे यूपीआयनेच येतात. मोबाइल ॲपचे स्क्रीन आखणे हा माझा व्यवसाय असून, मध्यंतरी एका क्रिप्टो वॉलेटच्या, म्हणजे आभासी चलन ठेवण्याच्या आणि पाठवण्याच्या ॲपच्या, कामासाठी मला अशी माणसे हवी होती, ज्यांना ब्लॉकचेन, म्हणजे या चलनामागची सामायिक डिजिटल नोंदवही, ठाऊक नाही, पण फोनवरून पैसे घेणे-देणे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे. म्हणून एका दुपारी मी मामीच्या फोनवर एक वॉलेट घेतले आणि चाचणी-नेटवर्कवरची, बाजारात काहीही किंमत नसलेली नाणी तिने मला पाठवायची असे ठरले.

पहिल्याच स्क्रीनवर बारा इंग्रजी शब्द आले. २०१३ साली मांडलेल्या एका प्रमाणपद्धतीनुसार २०४८ शब्दांच्या यादीतून हे बारा किंवा चोवीस शब्द निवडले जातात आणि ते ज्याच्या हाती, त्याच्याच ताब्यात पैसे. मामीने चटकन स्क्रीनशॉट काढला. नेमके तेच करू नये, अशी सूचना खाली बारीक इंग्रजीत होती. मग तिने विचारले, "अरे, हे हरवलं तर जायचं कुणाकडे?" कुणाकडेच जाता येत नाही, असे मी सांगितल्यावर ती म्हणाली, "बँकेत निदान काउंटर तरी असतो."

पैसे पाठवताना ती पुन्हा थांबली. शून्य आणि एक्सने सुरू होणारा, पुढे ४० अंक-अक्षरांची रांग असलेला पत्ता पाहून तिने विचारले, "तुझं नाव कुठे आहे?" यूपीआयमध्ये समोरच्याचे नाव दिसल्याशिवाय ती पिन टाकत नाही, आणि ही सवय तिने शेजारणींनाही लावली आहे. त्यातच इथेरियम या ब्लॉकचेनवर कोणतेही टोकन, म्हणजे डिजिटल नाणे, पाठवायचे, तर शुल्कासाठी ईथर हे तिचे स्वतःचे चलन वेगळे बाळगावे लागते, हे समजावताना माझीच वाक्ये लांबत गेली.

या अडचणींवर उपाय नाहीत असे मुळीच नाही. पत्त्याऐवजी नाव वापरण्याची ईएनएस ही सोय २०१७ पासून आहे, आणि मार्च २०२३ मध्ये इथेरियमवर सुरू झालेल्या ईआरसी-४३३७ या प्रमाणपद्धतीमुळे वापरकर्त्याचे शुल्क ॲप चालवणाऱ्या कंपनीला भरता येते, तसेच विश्वासातल्या काही जणांच्या संमतीने हरवलेले खाते परत मिळवण्याची सोयही खात्यातच बसवता येते. माझ्या मते सर्वांत आधी हीच शेवटची सोय हाती घ्यावी. बँकेच्या लॉकरला दोन नावे लावणाऱ्या आपल्या घरांना, मुलगा, भाऊ आणि भाचा यांपैकी कोणत्याही दोघांनी होकार दिला तर खाते परत मिळते, ही रीत वेगळी शिकवावी लागणार नाही.

मात्र चांगली रचना एकट्या ॲपला फार दूर नेऊ शकत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये याच मुंबईत यूपीआयची सुरुवात झाली, तेव्हा तिच्यात २१ बँका होत्या, आणि एका बँकेचे खाते दुसऱ्याच्या ॲपमधून चालते ही तिची खरी ताकद होती. याउलट एल साल्वाडोरने सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारी चिवो वॉलेट घेणाऱ्याला ३० डॉलरचे बिटकॉइन दिले, तेव्हा ते लाखो लोकांनी उतरवून घेतले खरे, पण अनेकांनी ते डॉलर खर्चल्यावर वॉलेट पुन्हा उघडले नाही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल रुपयाची किरकोळ वापरासाठीची चाचणी १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईसह चार शहरांत सुरू झाली. तो क्रिप्टो नव्हे, पण पुढे दुकानातला यूपीआयचाच क्यूआर त्यासाठी चालू लागला आणि दुकानदाराला नवे काही लावावे लागले नाही, ही गोष्ट क्रिप्टोवाल्यांनी नीट अभ्यासावी असे मला मनापासून वाटते. परदेशी पैसे पाठवणाऱ्या मनीग्राम या कंपनीने स्टेलर या ब्लॉकचेनच्या जाळ्याशी हातमिळवणी करून डॉलरशी बांधलेले टोकन काउंटरवर रोख करून देण्याची सोय केली, ती मामीच्या काउंटरच्या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरासारखीच आहे.

भारतात २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि ठरावीक मर्यादेपुढच्या व्यवहारांवर १ टक्का टीडीएस आहे. ही कपात व्यवहाराच्या त्याच स्क्रीनवर, रुपयांत आणि मराठीत दिसली पाहिजे.

पंधरा दिवसांनी मी नवा कच्चा आराखडा घेऊन पुन्हा लालबागला गेलो. पाठवण्याआधी नाव दिसते, हे पाहून मामीने मान डोलावली. पण त्या बारा शब्दांना मी 'पुनर्प्राप्ती वाक्यांश' म्हटले होते, तिथे ती अडली. तो वाक्यांश कशासाठी, हे ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "मग चावीचे शब्द म्हण ना." सध्याच्या आराखड्यात तेच दोन शब्द आहेत.