दहा सेकंदांचा कोंडवाडा

फॉर्म्युला वनच्या मोटारींच्या शर्यतीत दुसऱ्याच्या गाडीला ठोकलं तर काय करतात, असं शेजारच्या आबाजींनी विचारलं, तेव्हा पुतण्या मोठ्या ऐटीत म्हणाला, "दहा सेकंद." पुढे काही येईल म्हणून आबाजी थांबले. काही आलं नाही.

"दहा सेकंद काय? जेल?"

"नाई आबाजी. पिटमध्ये, म्हंजे टायर बदलतेत तिथं, गाडी दहा सेकंद उभी ठेवाची."

"अन् मंग?"

"मंग जा."

आबाजी शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, जुने शौकीन. नुसत्या चालीवरून जोडीची किंमत सांगणारा माणूस. या मोटारींचा नाद त्यांना पुतण्यानं लावला. युरोपातली शर्यत आपल्याकडे रविवारी सांजेला साडेसहा-साडेसातला लागते. आमच्या दारव्ह्याकडे ही ढोरं घरी यायची आणि लाईन जायची वेळ. मोबाईल लाईनवाचून चालतो, म्हणून बाजेवर उशीला टेकवून आम्ही तो पाहतो. रेंज गेली की गोल चकरी फिरत राहते, आणि तेवढ्यात कोणीतरी कोणाला तरी ठोकलेलं असतं.

पुतण्यानं मग 2021 ची इंग्लंडातल्या सिल्व्हरस्टोनची शर्यत शोधून दाखवली. पहिल्याच फेरीत हॅमिल्टनचं पुढचं चाक व्हर्स्टॅपेनच्या मागच्या चाकाला लागलं. व्हर्स्टॅपेनची गाडी टायरच्या भिंतीवर जाऊन आदळली. धक्का गुरुत्वाकर्षणाच्या 51 पट. तो दवाखान्यात गेला. हॅमिल्टननं दहा सेकंदांचा दंड भरला, एकेकाला मागं टाकत गेला आणि शेवटच्या दोन-तीन फेऱ्या उरल्या असताना पहिल्या नंबरावरच्या लक्लेरलाही ओलांडून शर्यत जिंकला. झेंडा घेऊन फेरीही मारली.

आबाजी म्हणाले, "हा त कोंडवाडा झाला."

कोंडवाडा आताच्या पोरांनी पाहिलेला नाही. चार भिंती, एक लोखंडी फाटक, आत एक टाकं, तेही बहुतेक कोरडं. दुसऱ्याच्या वावरात शिरलेलं ढोर तिथं नेऊन कोंडायचं आणि मालकानं दंडाची पावती फाडून सोडवायचं; कायदा इंग्रजांचा, 1871 चा. एका गाईवाला माणूस त्या दंडापायी दिवसाची मजुरी बुडवून दारोदार उसने मागत फिरायचा. मोठा कळप असलेला धनी मात्र सालदाराच्या हाती पैसे धाडायचा, स्वतः यायचाही नाही. त्याचा हिशेब साफ होता. तेवढा कडबा इकत घ्यायचा तर याहून जास्त लागले असते. ढोरं रातभर कोणाच्या तरी शेंगा धरलेल्या तुरीत फिरलेली, पोटं तट्ट, तोंडाला हिरवा फेस. तूरवाला फाटकाशी उभा राहून त्यांना मोजत असायचा. पैसे पंचायतीत जमा व्हायचे.

माझी तक्रार नेमकी इथं आहे. दंड कमी की जास्त, यावर लोक भांडतात. मला खटकतं ते हे, की दंड सेकंदांत आहे आणि सेकंद ज्याच्या घरी भरपूर, म्हणजे ज्याची गाडीच बाकीच्यांहून वेगवान, त्याला तो लागतच नाही. बरोबरीची गाडी असली तर लागतो. 2025 ला जेद्दाहमध्ये व्हर्स्टॅपेन पहिल्याच वळणावर रस्ता सोडून पुढे राहिला, पाच सेकंद दंड बसला आणि तीनेक सेकंदांनी पियास्त्री जिंकला. पुतण्या हा दाखला दर वेळी तोंडावर फेकतो. फेकू दे. मागं पडलेल्याची तूर त्यानं भरून निघत नाही.

पंचांचीही एक बाजू आहे. ते म्हणतात, आम्ही चूक पाहतो, परिणाम पाहत नाही. ठोकलेला माणूस दवाखान्यात गेला की लगेच शर्यतीत आला, त्यावर दंड ठरत नाही. न्याय म्हणून हे पटतंही. पण मग काट्यावर यांचा हात इतका कडक कसा? 2024 ला बेल्जियममध्ये रसेल जिंकला, गाडी काट्यावर चढवली, 798 किलो पाहिजे होती, दीड किलो कमी भरली. पहिला नंबर गेला, सगळंच गेलं. दीड किलो! आमच्या जिनिंगवर कापसाच्या गाडीमागं याहून जास्त कट्टी लावतात आणि कोणी चूं करत नाही. जे काट्यावर मोजता येतं तिथं हे लोक वाघ, आणि जिथं माणसाची नियत पाहायची तिथं दहा सेकंद.

नियतीचंच बोलायचं तर 2008 चं सिंगापूर. रेनॉ संघाच्या सांगण्यावरून धाकट्या पिकेनं मुद्दाम गाडी भिंतीवर घातली, त्याचा फायदा त्याचा जोडीदार अलोन्सोला मिळाला आणि तो जिंकला. भानगड वर्षभरानं उघडी पडली. संघाला बंदी झाली ती निलंबित, म्हणजे पुन्हा केलं तर लागू. संघाचा मुख्य ब्रियातोरे याला बेमुदत बंदी झाली, ती फ्रान्सच्या कोर्टानं उठवली, आणि 2024 ला हा गृहस्थ रेनॉच्याच अल्पीन संघात सल्लागार म्हणून परत आला. शर्यतीचा निकाल? पुस्तकात अजून अलोन्सोच.

व्हर्स्टॅपेनच्या रेड बुल संघानं 2021 ला खर्चाची मर्यादा ओलांडली, तेव्हा 70 लाख डॉलर दंड आणि गाडीवरून हवा कशी वाहते ते पाहायच्या चाचण्यांत 10 टक्के कपात झाली. बहुतेक काळ कपात चालू असलेल्या 2023 च्या हंगामात त्यांनी 22 पैकी 21 शर्यती जिंकल्या. हे ऐकून आबाजींनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली अन् म्हणाले, "कडबा सस्ता पडला त्याईले."

पुतण्याला राग आला. त्याचा लाडका खेळ आम्ही दोघं मिळून नासवत होतो. तो म्हणाला, असं काही नाही, गुन्ह्याचे गुणही मोजतात. बारा महिन्यांत 12 झाले की एका शर्यतीची बंदी. 2024 ला मॅग्नुसनला झालीच ना, बाकूची शर्यत हुकली त्याची.

"अन् तो व्हर्स्टॅपेन?"

"तो 2025 ला बार्सिलोनात रसेलला ठोकून 11 पर्यंत गेलता. मंग थांबला."

"बरं. अन् हा मॅग्नुसन कितवा येत जाय?"

पुतण्यानं जरा आठवून सांगितलं, "बहुतेक दहाच्या मागंच."

"एका गाईवाला हाये," आबाजी म्हणाले, आणि पुढची फेरी पाहायला मोबाईल जवळ ओढला.