थर्मोस्टॅट लागला अर्ध्या तासात, ओटीपीने खाल्ले अकरा दिवस

आमचं घर ग्वाल्हेरला लश्करात, वरच्या हॉलमध्ये हॉट अँड कोल्ड डक्टेबल एसी. मे महिन्यात ४५ च्या वर, जानेवारीत बोटं आखडतात, म्हणजे मशीनला दोन्हीकडून काम. भिंतीवर गोल नॉबचा थर्मोस्टॅट होता आणि तो आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या ताब्यात. गरम झालं की १८, दहा मिनिटांनी "अगं, गारठलो" म्हणून बंद, लगेच परत चालू. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आउटडोअर नुसतं घुंऽऽ करायचं आणि गप्प.

कम्प्लेंट टाकली. पहिला मुलगा आला, झाकण उघडलं, "मॅडम, कंप्रेसर गया लगता है, ओटीपी बता दीजिए, तभी विजिट चढ़ेगी." दिला. तो जिन्यावर असतानाच मेसेज, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे! फोन केला तर म्हणे ती बंद झाली, नवीन नोंदवा. नवीन नंबर, नवीन मुलगा, परत पहिल्यापासून कथा, आणि वर "सर से बात करा दीजिए". सर भोपाळला होते आणि त्यांना आउटडोअर कुठल्या गच्चीवर आहे तेही सांगता आलं नसतं. त्यालाही ओटीपी दिला, माझीच चूक. तिसऱ्यांदा पण तेच. खाली एका कुलरसमोर पाच माणसं, आणि रेकॉर्डवर आमचा एसी तीनदा दुरुस्त झालेला.

चौथ्याला मी दारातच सांगितलं, मशीन चालू होऊन हॉल गार होईल तेव्हा ओटीपी. कुरकुरला, पण मीटर काढला. कपॅसिटरवर (कंप्रेसरच्या मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग) ५० मायक्रोफॅरड छापलेलं, मीटरवर ३१. वीस मिनिटांत बदलला, कंप्रेसर ठणठणीत. जाताना विचारलं, "अंकल बटन बहुत घुमाते हैं क्या?"

त्यानेच समजावलं. कंप्रेसर बंद झाल्यावर आतला गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. त्याआधी चालू केला तर मोटर भरल्या दाबावर उठायला बघते, करंट कितीतरी पट ओढते, वाइंडिंग तापतं, कपॅसिटरवर पण ताण. मी म्हटलं स्टॅबिलायझरला डिले आहे की, तर तो डिले लाइट जाऊन आल्यावरचा, आबांच्या हातासाठी नाही.

मग स्मार्ट थर्मोस्टॅट घेतला. तो बंद-चालूमध्ये तीन मिनिटं थांबतोच, कोणी कितीही बोट दाबा. २४ वर लावला तर २४ ला बंद, २५ ला चालू, सारखी चुळबूळ नाही. ऑटोमध्ये गार आणि गरम यांत काही डिग्रींचं अंतर ठेवतो, नाहीतर फेब्रुवारीत दुपारी कूलिंग, संध्याकाळी हीटिंग अशी झटापट. तास मोजून फिल्टर धुवायची आठवण देतो (फिल्टर चोंदला की कॉइलवर बर्फ), आणि मशीन चालू असून खोली गार होत नसेल तर मोबाइलवर अलर्ट. हा अलर्ट मेमध्ये असता तर!

घ्यायच्या आधी व्होल्टेज बघा हं, बाहेरच्या देशांतले बरेच मॉडेल २४ व्होल्टवर चालतात, आमची लाइन २३० ची. जुन्या बॉक्समध्ये न्यूट्रल नव्हती, ती ओढण्यातच इलेक्ट्रिशियनचा वेळ गेला. एमसीबी पाडल्याशिवाय हात लावू देऊ नका. आणि साधा इन्व्हर्टर स्प्लिट असेल तर यात पडूच नका, त्याच्या बोर्डात हा डिले असतोच.

आबा आता स्क्रीनवर बोट दाबून उभे राहतात आणि "हा ऐकतच नाही" म्हणतात. काल कंपनीचा मेसेज आला, आमच्या सर्व्हिसला किती स्टार द्याल. लिंक उघडली तर आधी ओटीपी मागतेय.