हेलनच्या अंगणात

रविवार, रात्र

आमच्या वाचनगटात एरवी वाद होतो तो पुस्तक आवडलं की नाही यावरून. हार्पर ली यांचं ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ आज सगळ्यांनाच आवडलेलं होतं, तरी काकूंची खिचडी गार होईपर्यंत भांडण चाललं. मुद्दा असा, की ही गोष्ट नक्की कुणाची? टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसावर गोऱ्या मुलीला मारहाण करून बलात्कार केल्याचा खोटा आरोप येतो, गोरा वकील अ‍ॅटिकस फिंच त्याचा खटला लढवतो, आणि हे सगळं सांगते अ‍ॅटिकसची लहान मुलगी स्काउट.

बँकेतले काका पहिल्यापासून अ‍ॅटिकस फिंचच्या प्रेमात. असा वकील हवा, असा बाप हवा, इथपर्यंत गाडी गेली. सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “वकीलसाहेब चांगलेच आहेत हो. पण जीव जातो तो टॉम रॉबिन्सनचा. पुस्तकात तो तोंड कितीदा उघडतो ते बघा.” आम्ही खरंच पानं चाळली. गोऱ्यांचा जमाव तुरुंगाच्या दारावर येतो त्या रात्री अंधारातून एखाददुसरं वाक्य आणि मग थेट साक्षीचा पिंजरा. संपलं.

लॉ करणारी मुलगी तयारी करून आली होती. कादंबरी १९६० ची, पण खटला घडतो १९३५ च्या उन्हाळ्यात, अलाबामात. त्याच अलाबामात १९३१ साली स्कॉट्सबरोचं प्रकरण झालं होतं. मालगाडीतून चाललेली नऊ काळी मुलं, दोन गोऱ्या मुलींनी केलेला बलात्काराचा आरोप, आणि काही दिवसांतच आठ जणांना फाशीची शिक्षा. पुढे त्यातल्या एकीने भर कोर्टात आपला आरोप मागे घेतला, तरी ज्यूरीने पुन्हा दोषीच ठरवलं. तो निकाल ज्या न्यायाधीशाने रद्द केला, तो पुढच्या निवडणुकीत पडला. ज्यूरीतून काळ्यांना वगळणं घटनाबाह्य आहे, हे सुप्रीम कोर्टाने सांगितलं १९३५ मध्ये. म्हणजे टॉमच्याच वर्षी. (ज्यूरी म्हटल्यावर काकांनी नानावटी खटला काढलाच. महाराष्ट्रात ज्यूरी आणि नानावटी वेगळे करता येत नाहीत. पाच मिनिटं त्यात गेली.)

मला स्वतःला दोन जागा बोलायच्या होत्या. पहिली शपथेची. टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या जिनिंगच्या यंत्रात सापडून कायमचा लुळा पडलेला. बायबलवर ठेवायचा तर तो उजव्या हाताने उचलून ठेवावा लागतो. तो ठेवतो, शपथेसाठी उजवा वर करतो, तोच डावा घसरून खाली टेबलावर आदळतो. पुन्हा उचलायला जातो तर न्यायाधीश म्हणतात, राहू दे. मारणारा डावखुरा असणार हे साक्षीतून आधीच निघालेलं आहे. खटला खरं तर तिथेच संपायला हवा, आणि ज्यूरीतल्या प्रत्येकाने तो हात पाहिलेला असतो.

दुसरी जागा त्याच साक्षीतली. आरोप करणाऱ्या त्या मुलीची कामं फुकट का करायचास, असं सरकारी वकील खोदून विचारतो. टॉम खरं सांगून टाकतो, की मला तिची दया यायची. झालं! काळ्या माणसाने गोऱ्या बाईची दया करायची? मारहाण केली की नाही हा प्रश्नच मागे पडतो. काकू एवढंच म्हणाल्या, “खोटं बोलला असता तर कदाचित वाचला असता.” वाचला नसता, असं मला वाटतं, पण त्यांच्याशी वाद घातला नाही.

सरांचं म्हणणं मात्र डोक्यातून जात नाही. ते म्हणाले, फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या माणसांना, १८७३ साली. त्यानंतर साठ वर्षांनी टॉमची ही अवस्था. आणि मग म्हणाले, “आपण १९७८ ला ‘बलुतं’ वाचलंय. ते वाचलेल्या माणसाला वकिलाच्या ओसरीवरून दिसणारा टॉम पुरत नाही.”

काकांनी चांगली बाजू लढवली. मनरोव्हिलसारख्या गावात वकिलाची मुलगी म्हणून वाढलेल्या बाईने तिला दिसलं ते लिहिलं, जे दिसलं नाही ते दिसल्याचा आव आणला नाही, यात गैर काय? बरोबर आहे. अ‍ॅटिकसच्या घरी काम करणारी काळी बाई, कॅल्पर्निया, त्याच्या मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते तो भाग म्हणूनच खरा वाटतो. गुलामीतून सुटलेल्यांनी पहिल्या कमाईतून विकत घेतलेलं ते चर्च. बहुतेकांना वाचता येत नाही, म्हणून एक जण ओळ सांगतो आणि बाकीचे मागून गातात. टॉमच्या बायकोला, हेलनला, कुणी काम देत नाही. तिच्यासाठी दहा डॉलर जमेपर्यंत पाद्रीबुवा दारं बंद करून घेतात. पुस्तकात सगळ्यात आवडलेलं काय, असं मला कुणी विचारलं तर मी ही बंद दारं सांगेन.

पण मग मी टॉमच्या मरणाचा भाग पुन्हा काढला आणि सरांकडे सरकले. तुरुंगाच्या कुंपणावरून पळताना त्याला सतरा गोळ्या लागतात. अ‍ॅटिकस हेलनला सांगायला जातो. तिने त्याला बसायला सांगितलं, पुढे काही बोलली नाही, आणि ती अंगणात कोसळली. हे आपल्याला कोण सांगतं? स्काउट. तिला कुणी सांगितलं? तिच्या मित्राने, डिलने. डिल कुठे होता? मोटारीजवळ. पुस्तकातलं सगळ्यात मोठं दुःख आपल्यापर्यंत दोन मुलांच्या तोंडून, तेही लांबून पोचतं. त्या दुःखाबद्दल हेलन स्वतः काय म्हणाली ते कुठेच नाही. मी हे वाचून दाखवलं तेव्हा काका म्हणाले, “हं.” त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

पुढच्या महिन्याचं पुस्तक लॉवालीने सुचवलं आणि पहिल्यांदाच मतदान न होता ठरलं. मिल्ड्रेड टेलर यांचं ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’, १९७६ चं. काळ साधारण तोच, १९३३, राज्य मिसिसिपी, आणि सांगणारी नऊ वर्षांची काळी मुलगी, कॅसी. गोऱ्यांच्या शाळेने वापरून टाकलेली पुस्तकं हिच्या शाळेला मिळतात, आणि आतल्या तक्त्यात पुस्तक कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या वंशाच्या मुलाला दिलं याची नोंद असते. काका म्हणाले, हे तर मुलांचं पुस्तक. सर म्हणाले, मग तुम्हाला लवकर वाचून होईल.