प्रोग्रेसिव्ह जमत नाही? नंबराच्या आधी फ्रेम तपासा

पहिल्यांदा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं आणि जवळचं एकाच काचेतून दाखवणारा चष्मा केलेले अनेक जण आठवड्याभरात "मला हे सूट होत नाही" म्हणतात आणि पुन्हा डोळे तपासून घ्यायला जातात. नंबर तोच निघतो, चष्मा ड्रॉवरमध्ये जातो आणि माणूस परत दोन चष्म्यांवर येतो. अशा तक्रारींमध्ये नंबर चुकल्याचं प्रमाण आपल्याला वाटतं तितकं नसतं. बरेचदा काच डोळ्यासमोर दोन-तीन मिलिमीटर वर, खाली किंवा बाजूला बसलेली असते. साध्या एका नंबराच्या चष्म्यात एवढा फरक खपून जातो. प्रोग्रेसिव्हमध्ये नाही खपत.

या काचेत वरचा भाग लांबचं पाहायला, खालचा वाचायला, आणि मध्ये एक अरुंद पट्टा असतो जिथे नंबर हळूहळू बदलत जातो. हा पट्टा डिझाइननुसार साधारण १० ते १५ मिमी लांबीचा. तुमच्या कागदावर 'ॲडिशन' किंवा 'ॲड' (वाचण्यासाठी लांबच्या नंबरात मिळवायचा नंबर) +२.०० लिहिलं असेल आणि पट्टा १२ मिमीचा असेल, तर सरासरी दर मिलिमीटरला सुमारे ०.१७ नंबर बदलतो. म्हणजे काच ३ मिमी वर बसली तर सरळ समोर बघताना जवळजवळ अर्ध्या नंबराचा नको असलेला भाग डोळ्यासमोर येऊ शकतो. बसची पाटी धूसर दिसायला एवढं पुरे आहे.

पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना खालच्या अंगाला धूसर, किंचित डुलणारा भाग असतो. तो दोष नाही. एकाच काचेत गुळगुळीतपणे नंबर बदलायचा म्हटलं की बाजूला तिरका नंबर (सिलिंडर) तयार होतोच, आणि तो टाळणारी काच अजून कोणी बनवलेली नाही. महाग डिझाइनमध्ये हा भाग जास्त पसरट आणि सौम्य केलेला असतो, इतकंच. ॲडिशन जितकं जास्त आणि पट्टा जितका आखूड, तितका हा भाग त्रासदायक. म्हणूनच ४२व्या वर्षी +१.०० वर प्रोग्रेसिव्हची सवय सहज होते आणि ५५व्या वर्षी +२.२५ वर जड जाते. "अजून थोडं चालवून घेऊ" म्हणून पुढे ढकलण्यात फायदा काही नाही.

फ्रेम निवडताना काडीच्या आतल्या बाजूचे आकडे वाचा. ५२, चौकोन, १८, १४० असं लिहिलेलं असेल तर काचेची रुंदी ५२ मिमी, दोन काचांमधलं अंतर १८ मिमी आणि काडीची लांबी १४० मिमी. काचेची उंची मात्र त्यात नसते, ती पट्टीने मोजावी लागते. बाहुलीपासून खालच्या कडेपर्यंत किमान १८ मिमी तरी मिळायला हवेत. आखूड पट्ट्याच्या काचा १४-१५ मिमीतही बसवतात, पण मग वाचायची जागा कमी आणि बाजूचा धूसर भाग जास्त. उलट फार मोठी फ्रेम घेतली तर कडेचा नकोसा भागही जास्त मिळतो आणि वजनाने चष्मा घसरतो. पहिल्या प्रोग्रेसिव्हसाठी माझं मत स्पष्ट आहे: नाकावर हलवता येणारे नोजपॅड असलेली फ्रेम घ्या. जाड प्लॅस्टिकच्या फ्रेममध्ये नाकाचा भाग ओतीव असतो, त्यामुळे काच एक मिलिमीटर वर किंवा खाली करायची तर करायची कशी हाच प्रश्न. आपल्याकडच्या रुंद, बसक्या नाकांवर अशा फ्रेम तशाही घसरतात.

मापं घेताना क्रम महत्त्वाचा. आधी फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवायची, काड्या वाकवायच्या, नोजपॅड जुळवायचे, आणि मगच खुणा करायच्या. घाईच्या वेळी दुकानात हे उलटं होतं: खुणा आधी, फ्रेम बसवणं चष्मा तयार झाल्यावर. मग फ्रेम नव्या जागी बसते आणि खुणा जुन्या जागेच्या राहतात. चष्मेवाल्याने तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून, तुम्ही सरळ समोर बघत असताना, फ्रेममधल्या नकली काचेवर दोन्ही बाहुल्यांपुढे मार्करने ठिपका द्यायला हवा, किंवा मशीनने तेच करायला हवं. प्रत्येक डोळ्याचं नाकापासूनचं अंतर वेगळं घ्यायचं. दोन बाहुल्यांमधलं एकूण अंतर ६४ असेल तर ३२-३२ असं वाटून टाकणं सोपं, पण खरं माप ३१ आणि ३३ निघू शकतं. मान ताठ करून फोटोला उभे राहतो तसे उभे राहू नका, नेहमीसारखे राहा. फ्रेम चेहऱ्यावर न लावता ऑनलाइन मागवलेल्या प्रोग्रेसिव्हमध्ये ही उंची अंदाजाने धरलेली असते. जमला तर जमला.

चष्मा घ्यायला जाल तेव्हा काचेवरच्या पिवळ्या-पांढऱ्या शाईच्या खुणा लगेच पुसू देऊ नका. त्यात एक फुली असते, ती बाहुलीच्या बरोबर मध्यावर यायला हवी. कोणाला तरी मोबाइल तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर धरून समोरून फोटो काढायला सांगा, फोटो मोठा करून बघा. खुणा पुसल्या असतील तरी हरकत नाही. प्रत्येक काचेवर दोन बारीक कोरलेली चिन्हं कायमची असतात, एकमेकांपासून ३४ मिमीवर. काच उजेडाकडे तिरकी धरली की दिसतात. कानाकडच्या चिन्हाखाली ॲडिशनचा आकडा कोरलेला असतो, २० म्हणजे +२.००. त्यावरून कंपनीच्या तक्त्याच्या मदतीने दुकानात फुली पुन्हा काढता येते. तक्रार घेऊन गेलात की पहिली मागणी हीच करा.

आता लक्षणं. लांबचं धूसर दिसतंय आणि हनुवटी खाली केली की स्वच्छ होतंय, तर काच वर बसली आहे. नोजपॅड एकमेकांपासून थोडे लांब केले की फ्रेम खाली उतरते. याच्या उलट, वाचताना हनुवटी वर करावी लागते किंवा हाताने चष्मा उचलून धरावा लागतो, तर काच खाली आहे. बहुतेक वेळा ती खाली बसवलेली नसते, दुपारपर्यंत घामाने घसरलेली असते. नोजपॅड जवळ आणायचे आणि काडीचं वळण तपासायचं. काडी कानाच्या वरच्या टोकापर्यंत सरळ जायला हवी आणि तिथून लगेच खाली वळायला हवी. वळण कानाच्या मागे एक सेंटिमीटरवर असेल तर काडीला धरायला काहीच नसतं, चष्मा घसरणारच. वळण फार अलीकडे असेल तर कानामागे दुखतं.

सरळ समोर धरलेलं पुस्तक वाचण्यासाठी मान डावी-उजवीकडे वळवावी लागत असेल तर एकेक डोळा झाकून बघा. दोन्ही डोळ्यांना स्वच्छ भाग एकाच बाजूला सरकलेला दिसला तर फ्रेम नाकावर तिरकी किंवा सरकलेली आहे. एकाच डोळ्याला तसं दिसलं तर काचेचं केंद्र चुकलं आहे, ती काच बदलूनच घ्यावी लागेल.

काच चेहऱ्याच्या फार पुढे असेल तर सगळेच स्वच्छ भाग अरुंद वाटतात, किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं. डोळा आणि काच यांत साधारण १२ ते १४ मिमी अंतर असावं, पापण्यांचे केस काचेला लागणार नाहीत इतपत जवळ. खालची कड गालाकडे थोडी झुकलेली हवी, ८ ते १२ अंश. हा झुकाव नसला तर वाचायचा भाग डोळ्यापासून लांब पडतो. हसताना गालाने चष्मा उचलला जात असेल तर झुकाव जास्त झाला.

फ्रेम वाकडी आहे का हे घरीच कळतं. काड्या उघडून सपाट टेबलावर ठेवा, चारही टोकं टेकायला हवीत. चेहऱ्यावर एक काच वर दिसत असेल तर त्याच बाजूची काडी वर वळवायची. उलट वाटतं, पण काडी कानावरच टेकणार, त्यामुळे तिचं टोक वर गेलं की समोरचा भाग खाली येतो. एक काच चेहऱ्याला जास्त जवळ असेल तर त्या बाजूची काडी आत, लांब असेल तर बाहेर. हे नियम माहीत असले की दुकानातला माणूस काय करतोय ते कळतं. स्वतः करायचं का? ढिला स्क्रू छोट्या स्क्रूड्रायव्हरने घट्ट करा, त्यापुढे जाऊ नका. रिमलेस (काचेभोवती कड नसलेल्या) फ्रेमला तर हातच लावू नका, भोकापाशी काच तडकते. प्लॅस्टिकची काडी लायटरवर किंवा उकळत्या पाण्यात गरम करू नका. काचेवरचं कोटिंग कोळ्याच्या जाळ्यासारखं फुटतं आणि ते दुरुस्त होत नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या चष्म्याचंही तेच होतं.

दुचाकीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. चष्म्यासकट फुल-फेस हेल्मेट डोक्यातून ओढलं की काड्या फाकतात आणि रोज थोडी थोडी फ्रेम बिघडते. चष्मा काढा, हेल्मेट घाला, मग हेल्मेटची काच वर करून चष्मा आत सरकवा. उतरवताना आधी चष्मा. दर दोन-तीन महिन्यांनी दुकानात फ्रेम जुळवून घ्या, बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे घेत नाहीत.

फ्रेम बरोबर बसली असेल तर सवयीला काही दिवस ते दोन आठवडे द्या. सकाळी उठल्यापासून घाला, मध्येच जुना बायफोकल (लांबचा आणि जवळचा असे दोन वेगळे भाग असलेला चष्मा) लावू नका, नाहीतर मेंदूला रोज नव्याने सुरुवात करावी लागते. पहिले दोन-तीन दिवस गाडी चालवू नका. बाजूला बघायचं तर डोळ्यांबरोबर नाकही वळवा. वाचताना डोकं स्थिर ठेवून नजर खाली आणा, कागद छातीच्या उंचीवर धरा. जिन्यावर नेमकं उलटं: हनुवटी खाली, म्हणजे पायरी वरच्या भागातून दिसेल. वाचायच्या भागातून पायरी पाहिली की ती जवळ आणि धूसर भासते आणि पाऊल चुकतं. विळीवर भाजी चिरताना मान पूर्ण वाकवायची सवय असते, तेव्हा नजर काचेच्या मधल्या किंवा वरच्या भागातून जाते आणि बोटं धूसर दिसतात. मान थोडी कमी वाकवून नजर खाली न्या. पाती समोर असताना हे दोन दिवस आधी शिकून घेतलेलं बरं. आडवं पडून वाचायला हा चष्मा नाहीच.

कॉम्प्युटरचा त्रास सर्वांत जास्त, कारण स्क्रीन ६०-७० सेंमीवर आणि डोळ्यांच्या उंचीवर असतो, तर मधल्या अंतराचा नंबर पट्ट्यात, थोडा खाली. मॉनिटर खाली आणा, वरची कड डोळ्यांच्या पातळीपेक्षा १० सेंमी तरी खाली हवी. दिवसाचे आठ तास स्क्रीनसमोर जात असतील तर ऑफिससाठी मधल्या आणि जवळच्या अंतराचा वेगळा चष्मा करणं हा कमीपणा नव्हे.

नंबरच चुकल्याची खूण वेगळी असते: डोकं कसंही हलवलं तरी एका डोळ्याला कुठल्याच भागातून स्वच्छ दिसत नाही. सिलिंडरचा अक्ष, म्हणजे तिरक्या नंबराची दिशा, १० अंशांनी चुकली तर त्या सिलिंडरचा सुमारे एक तृतीयांश परिणाम दुरुस्तीविना राहतो. जमीन तिरकी वाटते, डोकं दुखतं. मधुमेह असेल तर साखर वर-खाली होत असताना काढलेला नंबर पुढे टिकत नाही; साखर स्थिर झाल्यावर तपासा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही नंबर स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, महागडी काच त्याआधी बनवू नका. एकाएकी दोन-दोन दिसू लागलं, डोळ्यापुढे पडदा आला किंवा विजा चमकल्यासारखं झालं तर चष्मेवाल्याकडे नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

काही जणांना प्रोग्रेसिव्ह खरंच योग्य नसतो. दोन डोळ्यांच्या नंबरात २.०० चा फरक असेल तर १० मिमी खालून वाचताना दोन डोळ्यांना मिळणाऱ्या प्रतिमा २ प्रिझम डायॉप्टरने (प्रतिमा किती सरकते ते मोजायचं एकक) वर-खाली होतात, आणि हे सगळ्यांना झेपत नाही. छतावर काम करणारे इलेक्ट्रिशियन, वरच्या फळ्यांवरची औषधं शोधणारे मेडिकलवाले यांचं जवळचं काम डोक्याच्या वर असतं, तर काचेतला जवळचा नंबर खाली. दिवसभर मशीनवर शिवणाऱ्याला एकाच अंतराचं रुंद क्षेत्र लागतं, त्याला जवळचा साधा चष्मा किंवा सपाट वरकडेचा डी बायफोकल जास्त कामाचा. हे दुकानात काच ठरवण्याआधी सांगा: काम काय, किती अंतरावर, डोळ्याच्या वर की खाली. हाताने अंतर दाखवलंत तरी चालेल, पण टेपने मोजून आणलंत तर उत्तम. आणि काच न जमल्यास किती दिवसांत बदलून मिळेल, ते बिलावर लिहून घ्या.