मटार आधी उकळत्या पाण्यात का?

"सोललेला मटार पाण्यात कशाला घालायचा? सरळ पिशवीत भरून फ्रीजरमध्ये टाकला तर काय बिघडतं?" संक्रांतीच्या सुमारास हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. यंदा शेजारच्या वहिनींनी विचारला, पाठोपाठ फोनवर भाचीने. तेव्हा एकदाच सांगून टाकतो.

काय बिघडतं ते मी खाऊन पाहिलंय. परसात दसऱ्यानंतर टोकलेला मटार पहिल्यांदाच भरभरून आला, त्या वर्षी आम्ही तो सोलला आणि तसाच भरला. फेब्रुवारीत छान लागला. एप्रिलमध्ये मटारभात केला तर घरभर वाळल्या गवताचा वास. बायको म्हणाली, "गोठ्यात जेवायला बसल्यासारखं वाटतंय."

शेंग वेलीवरून तोडली तरी दाण्यातली एन्झाइम्स आपलं काम करतच असतात. फ्रीजर त्यांना रेंगाळायला लावतो, थांबवत नाही. उणे १८ अंशांतही ती हळूहळू रंग, वास, चव बिघडवत राहतात. त्यांचा निकाल उकळतं पाणीच लावतं.

पाणी मात्र भरपूर हवं. अर्धा किलो दाण्यांना मी चार लिटर घेतो. पाणी कमी असलं तर दाणे पडताच ते गार होतं, आणि पुन्हा उकळी येईपर्यंत मटार नुसता शिजत बसतो. पुन्हा उकळी फुटली की घड्याळ लावायचं, दीड मिनिट. या दीड मिनिटात पातेल्याजवळून हलू नका. फिकट, धुरकट दिसणारा दाणा बघता बघता लख्ख हिरवा होतो. पेशींच्या मधे अडकलेली हवा निघून जाते, त्यामुळे खालचा रंग उघडा पडतो. चिमूटभर सोडा घातला तर हिरवा राहतो म्हणतात, आणि राहतोही. पण साल गळते आणि दाणा पिठूळ होतो. मी घालत नाही.

लगेच चाळणीत उपसून बर्फाच्या पाण्यात, तितकाच वेळ. मग पंचावर पसरून कोरडा करायचा. इथे मी दुसऱ्या वर्षी घाई केली. ओलाच भरला, त्याची वीट झाली, आणि मूठभर मटारासाठी बत्ता घ्यावा लागला. आता आधी ताटात एकेरी थर पसरून गोठवतो, मग पिशवीत भरून हवा दाबून काढतो. पातळ थर लवकर गोठतो. सावकाश गोठलं की बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फाडतात आणि भाजी लिबलिबीत होते.

आणखी एक, तोडलेल्या दिवशीच हे उरका. शेंगा पडून राहिल्या की दाण्यातल्या साखरेचं पिष्ट होतं. ती गोडी फ्रीजर परत देत नाही.

श्रावणघेवड्याचंही असंच, फक्त तीन मिनिटं. काकडी, मुळ्याच्या वाटेला जाऊ नका, त्यांचं पाणी होतं.

वापरताना मटार आधी काढून ठेवू नका. पोहे परतताना गोठलेलाच कढईत टाका, झाकण ठेवा. एक वाफ पुरते, निम्मं काम पातेल्यात झालेलंच असतं.