सीएनसी राउटरचं कॅबिनेट, भाग ६: पॉवर देण्याआधीचा शनिवार-रविवार

सीएनसी राउटर (कॉम्प्युटरवर चालणारं कोरीवकामाचं यंत्र) आणि त्याचं विजेचं कॅबिनेट मी घरी बनवतोय. मागच्या वेळी म्हणालो होतो, "वायरिंग संपलं, या आठवड्यात स्पिंडल (कापणारं टूल फिरवणारी मोटर) फिरवतो." स्पिंडल अजून फिरलेला नाही. दोन दिवस नुसत्या तपासण्यांत गेले आणि त्यातला निम्मा वेळ मीटरवरच्या एका आकड्याने खाल्ला. पण त्याआधी दरवाजाची गोष्ट.

शनिवारी सकाळी मेन केबल काढलेलीच होती. मी एरवीसारखा मल्टीमीटर बीपवर लावला. एक प्रोब मुख्य अर्थ टर्मिनलवर, दुसरी आळीपाळीने माउंटिंग प्लेट (सगळे भाग बसतात तो पत्रा), डिन रेल (एमसीबी वगैरे अडकवायची पट्टी), ग्लँड प्लेट (केबल आत येतात तो पत्रा), स्पिंडलचा केबल शील्ड (केबलवरची धातूची जाळी) आणि दरवाजावर. सगळीकडे बीप. वहीत पाच टिक मारून चहाला उठलो.

खटकलं ते उठतानाच. कोपर लागून दरवाजा हलला, प्रोब अजून तिथेच होती, आणि बीप क्षणभर तुटला.

बीपवर भरवसा का ठेवायचा नाही, हे मला माहीत होतं, तरी ठेवला. बहुतेक मीटर तीस-पन्नास ओहमच्या खालचं काहीही बीप करून मोकळे होतात. अर्थच्या रस्त्यात तेवढे ओहम असले आणि उद्या फेज दरवाजाला चिकटली, तर एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) झटक्यात उडेल एवढा करंट वाहणारच नाही. ओहमच्या रेंजवर बघावं, तर प्रोबच्या वायरींचेच ०.३ ओहम. अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला मीटरमागे साडेसात मिलिओहम लागतात. म्हणजे मला जे मोजायचं होतं ते प्रोबच्याच रेझिस्टन्सखाली गाडलं जात होतं.

मग बेंच सप्लाय (व्होल्टेज-करंट हवा तसा लावता येणारा टेबलावरचा सप्लाय) काढला. करंट लिमिट २ अँपिअर, एक टोक मुख्य अर्थला, दुसरं दरवाजाला, आणि मल्टीमीटर मिलिव्होल्टवर त्याच दोन ठिकाणी, पण स्वतंत्र प्रोबनी. सप्लायच्या वायरींमधला ड्रॉप मोजमापात येत नाही, हीच यातली गंमत. यंत्रांच्या विद्युत सुरक्षेच्या आयईसी ६०२०४-१ या मानकामध्येही ही चाचणी ०.२ ते साधारण १० अँपिअर करंट सोडूनच करायला सांगितली आहे, त्यामुळे २ अँपिअर म्हणजे काही घरगुती जुगाड नव्हे.

माउंटिंग प्लेट १४ मिलिव्होल्ट, म्हणजे ७ मिलिओहम. छान. दरवाजा: ९०० मिलिव्होल्ट, आणि दरवाजा हलवला की आकडा नाचतो.

वेणीची अर्थ पट्टी मी लावलेली होती हो! फक्त दरवाजाच्या बाजूचा स्टड पावडर कोटिंगवर बसलेला. पट्टी नुसती शोभेची. बीप येत होता तो बिजागरीतून. दरवाजावर इमर्जन्सी स्टॉप आणि २३० व्होल्टचा पॅनेल मीटर आहे, तिथे बिजागरीच्या भरवशावर राहणं चालणारच नाही. स्टडभोवतीचा रंग पत्रा चकाकेपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर घातला, नट आवळला, वर गंज धरू नये म्हणून पेट्रोलियम जेलीचं बोट. आता २४ मिलिव्होल्ट, १२ मिलिओहम, आणि दरवाजा कसाही हलवा, आकडा ढिम्म. आधीचे पाचही टिक खोडून सगळं याच पद्धतीने परत मोजलं. बाकी सगळं ठीक निघालं.

दुपार स्क्रूंमध्ये गेली, त्यात सांगण्यासारखं फार नाही. प्रत्येक वायर ओढून बघितली, दोन हातात आल्या. दोन्ही फेरूलच्याच (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची नळी) होत्या. क्रिंप ढिला, चूक माझी. आवळलेल्या प्रत्येक स्क्रूवर मार्करची रेघ मारली. (कुणी मल्टिस्ट्रँड वायरच्या टोकाला सोल्डर लावून ती स्क्रूखाली देत असेल तर कृपया थांबा. दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतं आणि जोड आपोआप सैल होतो.) व्हॅक्यूम लावून तळ साफ केला. एसएमपीएसच्या (२४ व्होल्ट डीसी देणारा पॉवर सप्लाय) जाळीशेजारी ड्रिलचा एक कुरळा कीस सापडला. ड्रिल करताना जाळीवर टेप लावली होती म्हणून तो आत गेला नाही. त्याच एसएमपीएसच्या कडेला, छिद्रातून दिसणारा ११५/२३० चा छोटा स्विच असतो. माझा ११५ वर होता. तसाच २३० दिला असता तर पहिल्याच सेकंदाला फटाका.

रविवारी मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासायचं मीटर. फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडायचे, दुसरं टोक अर्थला, ५०० व्होल्ट डीसी. त्याच मानकाप्रमाणे किमान १ मेगाओहम हवा. ड्राइव्हच्या (स्पिंडलचा वेग सांभाळणारं उपकरण) इनपुट-आउटपुटच्या वायरी सोडवून ठेवल्या, एसएमपीएस आणि कंट्रोलर बोर्डही वेगळे केले, एमसीबी सगळे चालू. कॉन्टॅक्टर (कॉइलला पॉवर मिळाली की जोडणारा मोठा स्विच) मात्र उघडाच राहणार, त्यामुळे त्याच्या पुढची बाजू वेगळी मोजावी लागते, हे विसरू नका.

आकडा: ०.४१ मेगाओहम.

पोटात गोळाच आला. कुठेतरी इन्सुलेशन सोललं, ग्लँडच्या कडेला वायर घासली, अशा शंका घेऊन दोन तास एकेक सर्किट सोडवत बसलो. आकडा हलेना. शेवटी मेगरच्या स्क्रीनच्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं. तिथे प्रत्यक्ष टेस्ट व्होल्टेज दिसतं, आणि ते ५०० नव्हतं. ४२० च्या आसपास अडकलं होतं. डोक्यात उजेड पडला: सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेलं व्होल्टेज अर्थला सोडणारा भाग)! आतला २७५ व्होल्ट एसीचा व्हॅरिस्टर साधारण ४३० व्होल्ट डीसीला १ मिलिअँपिअर सोडायला लागतो. मेगरची ताकदही जेमतेम तेवढीच. ४२० भागिले १ मिलिअँपिअर, म्हणजे ०.४२ मेगाओहम, जवळपास माझा तोच आकडा. इन्सुलेशन नव्हे, मी व्हॅरिस्टर मोजत होतो. सर्ज प्रोटेक्टरची काडतुसं (आतले काढता येणारे भाग) उपसली, आणि मीटर थेट ५०० मेगाओहमच्या पलीकडे. सप्लायवरचा विद्युत गोंधळ गाळणाऱ्या फिल्टरमुळे सुरुवातीला आकडा कमी दिसून हळूहळू चढतो, ते कपॅसिटर भरल्यामुळे. टेस्टनंतर ते डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावू नका.

संध्याकाळी पहिली पॉवर. काडतुसं आणि एसएमपीएसच्या वायरी परत जागेवर, ड्राइव्ह मात्र सुटाच. घरातल्या एकाला मेन स्विचजवळ उभं केलं (काम एकच: मी ओरडलो की बंद). सगळे एमसीबी खाली, इनकमरला (कॅबिनेटमध्ये येणाऱ्या मुख्य लाइनला) सिरीज लॅम्प, म्हणजे मधे जोडलेला ६० वॅटचा जुना फिलामेंट बल्ब; शॉर्ट असेल तर तो पेटून राहतो. एसएमपीएसचा एमसीबी वर केला: बल्ब लुकलुकला आणि विझला. म्हणजे शॉर्ट नाही. आउटपुट २४.१ व्होल्ट, लोड अजून सुटा. मग सिरीज लॅम्प काढून थेट सप्लायवर कंट्रोलर आणि कॉन्टॅक्टरची कॉइल एकेक करून जोडली. इमर्जन्सी स्टॉप दाबला, कॉन्टॅक्टर सुटला. त्याची वायर मुद्दाम काढली, तरी सुटला. तसंच हवं.

ड्राइव्ह अजून जोडलेला नाही, आणि तो सिरीज लॅम्पवर तपासायचाही नाही. अडलंय ते फिल्टरवर. त्याचा फेज ते अर्थ कपॅसिटर ४७ नॅनोफॅरड, म्हणजे ५० हर्ट्झला सुमारे ३.४ मिलिअँपिअर कायमचा लीकेज (अर्थकडे गळणारा करंट). ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला (लीकेज वाढला की सप्लाय तोडणारा स्विच) एवढं चालेल, पण ड्राइव्हचा स्वतःचा लीकेज त्यावर चढेल, आणि ३.५ मिलिअँपिअरच्या वर गेलं की ड्राइव्हला अर्थची दुसरी वायर किंवा १० स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर लागते. कारण अर्थ तुटला तर हेच कपॅसिटर अख्ख्या कॅबिनेटला ११५ व्होल्टच्या आसपास नेऊन ठेवतात, आणि तो लीकेज हात लावणाऱ्यातून जातो. दुसरी वायर ओढायला घेतली आहे. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून "अर्थिंग चेक केलं" म्हणणाऱ्यांसाठी: ते बटण अर्थकडे बघतसुद्धा नाही.

पुढच्या शनिवारी ड्राइव्ह, आधी मोटरशिवाय. डीसी बस (ड्राइव्हच्या आतली डीसी लाइन) ३२५ व्होल्टला चढते का ते बघणार, आणि बंद केल्यावर ती उतरायला किती मिनिटं घेते तेही घड्याळ लावून.