राखणदाराच्या चपला

त्या शुक्रवारी दुपारी एकच्या सुमारास चिठ्ठी आली. सदस्याचं नाव, कामकाजातला क्रमांक आणि पुढे एकच शब्द: मराठी. ही चिठ्ठी वेळेत आली नाही तर काचेच्या खोलीत मराठीचा माणूस नसतो, आणि सदस्य मराठीत बोलत राहतात, बाकीचे कानाला यंत्र लावून एकमेकांकडे बघत राहतात. मी संसदेत मराठीची दुभाषी आहे. कोणत्या सभागृहात ते सांगत नाही, सालही राहू द्या. जुन्या इमारतीतली गोष्ट आणि 2019 नंतरची, एवढं पुरे.

राज्यघटनेचा 120 वा अनुच्छेद सांगतो की संसदेचं कामकाज हिंदीत किंवा इंग्रजीत चालेल. या दोन्हींत ज्याला आपलं म्हणणं नीट मांडता येत नाही, त्याला पीठासीन अधिकारी मातृभाषेत बोलू देतील. त्या ‘नीट’ शब्दावर माझं पोट चालतं.

शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांचे. म्हणजे मंत्री नसलेल्या कुणीही आणलेल्या विधेयकांचे. सकाळी भरलेलं सभागृह तोवर ओसरतं, निम्मे लोक विमानतळाच्या वाटेला लागतात. गणपूर्तीसाठी दहावा हिस्सा सदस्य हवेत, तेवढे दिसतात की नाही हे वर बसलेल्यांनी न मोजणंच सगळ्यांच्या सोयीचं असतं. स्वातंत्र्यापासून आजवर अशी फक्त 14 विधेयकं कायदा झाली, शेवटचं 1970 साली. सगळ्यांना हे ठाऊक असतं. तरीही मला विचाराल तर संसदेतलं सगळ्यात चांगलं भाषण शुक्रवारी दुपारीच ऐकू येतं. पक्षादेश नाही, कॅमेऱ्यांची गर्दी नाही, माणूस मनातलं बोलतो.

त्या दिवशीचं विधेयक होतं राष्ट्रीय पर्यटन प्राधिकरण स्थापन करण्याचं. मांडणारे सदस्य उत्तरेकडचे, अभ्यासू. त्यांचा मुद्दा साधा होता. केंद्राचं पर्यटन विकास महामंडळ 1966 पासून आहे, राज्यांची आपापली आहेत, महाराष्ट्राचं 1975 पासून. पण ही सगळी हॉटेलं चालवणारी आणि जाहिराती करणारी मंडळी. नियम कोण करणार, तक्रार कुणाकडे न्यायची, हे सांगणारा केंद्रीय कायदाच नाही. श्रीलंकेने 2005 साली पर्यटनाचा कायदा करून त्याखाली विकास प्राधिकरण उभं केलं, मग आपल्याला काय झालंय?

विरोध करणाऱ्यांचा मुद्दा त्याहून मजेदार. सातव्या अनुसूचीतल्या तिन्ही याद्यांत ‘पर्यटन’ हा शब्द नाही. देशाबाहेरच्या तीर्थयात्रा केंद्राकडे, देशातल्या राज्यांकडे. सराया आणि सराया चालवणारे राज्यांकडे, राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं केंद्राकडे. म्हणजे रायगडावरचा दगड केंद्राचा आणि पायथ्याचं लॉज राज्याचं. एक ज्येष्ठ वकील-सदस्य वीस मिनिटं फक्त सरायांवर बोलले. माझा हिंदीवाला सहकारी त्या वेळात मोबाईलवर क्रिकेट बघत होता. त्याची पाळी नव्हती, हे खरं. पण दुसऱ्याच्या पाळीत कान उघडे ठेवायचे असतात, हे त्याला आजवर कुणी शिकवलं नाही.

आता थोडं कामाबद्दल. बाहेरच्यांना वाटतं, मराठीचं हिंदी करण्यात काय कठीण? लिपी एक, क्रियापद दोन्हीकडे शेवटी. कठीण ते तेच. तमिळवाला सहकारी पहिल्यापासून सावध असतो, त्याला सगळंच लांबचं. आम्हाला जवळचे नातलग फसवतात. मराठीतली ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण होते. आपला ‘राजीनामा’ तिकडे तडजोडीचा कागद ठरतो. ‘चेष्टा’ तिकडे प्रयत्न होते. ‘सरकारने शेतकऱ्यांची चेष्टा चालवलीय’ हे वाक्य जसंच्या तसं पलीकडे गेलं तर सरकारचं कौतुक होतं. आपलं ‘महामंडळ’ तिकडे ‘निगम’. अशा शब्दांची माझी एक वही आहे, लाल पुठ्ठ्याची, नोकरी लागल्यापासूनची. मी तिचा जरा जास्तच गर्व बाळगते.

बोलणाऱ्याच्या तीन-चार शब्द मागे राहायचं. फार मागे पडलं तर धागा सुटतो, फार जवळ गेलं तर वाक्य कुठे वळणार ते कळत नाही. एका कानावरचं यंत्र अर्धं सरकवून ठेवायचं, स्वतःचा आवाज ऐकू यायला हवा. खोकला आला तर दाबायला एक बटण असतं, तेवढ्यापुरता माइक बंद होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: इंग्रजीवाला मराठी जाणत नसेल तर तो माझं हिंदी ऐकून इंग्रजी करतो. म्हणजे मी चुकले तर दोन भाषांत चुकते, आणि दुसरी चूक अधिक सफाईदार असते.

चिठ्ठीतले सदस्य पावणेपाचला उभे राहिले. मतदारसंघ दुसरीकडचा, पण आजोळ वेंगुर्ला तालुक्यातलं. आदल्या दिवशी त्यांनी टिपणाचा कागद पाठवला होता, हे शंभरातले दोन जण करतात. त्यात सहा मुद्दे, शेवटी एका शब्दाखाली दोन रेघा: राखणदार. मी तो वाचला होता. मी अकोल्याची. आमच्याकडे रात्री पिकात डुकरं शिरू नयेत म्हणून मचाणावर बसतो तो जागल्या किंवा राखणदार. शब्द ओळखीचा वाटला म्हणून वहीत घातला नाही. अनोळखी असता तर शोधला असता.

ते छान बोलत होते. सिंधुदुर्ग 1997 साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हा गावात काय वाटलं ते सांगितलं. घराच्या मागच्या दोन खोल्या रंगवून ‘निवास व न्याहारी’ची पाटी लावणाऱ्या बाईबद्दल सांगितलं. घावणे, सोलकढी मला अडली नाहीत. मग ते विधेयकाच्या कलमाकडे वळले. प्राधिकरणावर अध्यक्ष, सचिव दर्जाचे अधिकारी, हॉटेलवाले, विमान कंपन्या, सहल कंपन्या यांचे प्रतिनिधी. “यात ज्याच्या दारात पर्यटक येणार तो कुठे आहे?” इथे दोन-चार बाकं वाजली. हिंदी ऐकून वाजली, म्हणजे माझ्यामुळेही. मला बरं वाटलं. या कामात बरं वाटलं की पुढच्या वाक्याला घात होतो.

ते म्हणाले, “आमच्या गावाला राखणदार आहे.”

मी म्हणाले, “हमारे गाँव का एक चौकीदार है.”

ते म्हणाले, “त्याला आम्ही चपला वाहतो.”

वाहणं म्हणजे ‘चढ़ाना’, हे इतकं बरोबर आलं की काय सांगू. “उसे हम चप्पलें चढ़ाते हैं.”

2019 च्या निवडणुकीत ‘चौकीदार’ हे एका बाजूचं बिरुद होतं आणि दुसऱ्या बाजूची शिवी, हे वाचकांना आठवत असेलच. एका बाजूचे लोक ताडकन उभे राहिले. दुसऱ्या बाजूचे लोक बाकं बडवायला लागले. सभागृहात पन्नास-साठ माणसं असतील, आवाज पाचशेंचा. आणि मधोमध माझे सदस्य, हातात कागद, चेहऱ्यावर निखळ गोंधळ. त्यांनी मराठी ऐकलं होतं, स्वतःचंच. त्यांना कळेना की वेतोबाला चपला वाहण्यात दिल्लीचं काय बिघडलं.

हो, वेतोबा. आरवलीचा. पुढचं वाक्य तेच होतं: देव रात्रभर गावाची राखण करत फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक नवसाच्या मोठाल्या चामडी चपला आणून ठेवतात. आणि त्यापुढचं: “या प्राधिकरणाच्या चपला झिजणार आहेत का?” हे मी माझ्या यंत्रात स्वच्छ ऐकलं. माझ्याशिवाय फार तर मराठी जाणणाऱ्या पाच-सहा जणांनी ऐकलं असेल, तेही गदारोळात. इतकं नेमकं वाक्य त्या चर्चेत दुसऱ्या कुणाला सुचलं नव्हतं.

तेवढ्यात सहकाऱ्याने माझ्यासमोर कागद सरकवला. तोच क्रिकेटवाला. कागदावर पेन्सिलीने ‘रखवाला’. अगदी बरोबर. रखवाला म्हटलं असतं तर देवालाही चाललं असतं आणि कुणाच्या बुडाला आगही लागली नसती. त्याच्याबद्दल वर जे लिहिलं ते तरीही मागे घेत नाही. पण कान उघडे होते त्याचे, हे नोंदवते.

आमच्यात रीत अशी की चूक कळली की तिथेच, माइकवर, सरळ आवाजात सांगायचं: दुभाषी दुरुस्ती करते, अमुक नव्हे तमुक. दोन सेकंदांचं काम. नव्याने आलेल्यांना मी स्वतः हे शिकवते. त्या दिवशी मी खोकल्याचं बटण दाबलं. खोकला आला नव्हता. ते किती वेळ दाबून धरलं होतं ते माहीत नाही. सोडलं तेव्हा सभागृहात इतका आवाज होता की दुरुस्ती कुणी ऐकली असती असं वाटत नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. पण एक माणूस नक्की यंत्र लावून बसला होता: तालिकेवरचे, म्हणजे आळीपाळीने कामकाज चालवणाऱ्यांपैकी एक सदस्य, जे त्या वेळी पीठावर होते. ते हिंदीच ऐकत होते. त्यांनी घंटी वाजवली आणि म्हणाले, आक्षेपार्ह काही असेल तर तपासून कामकाजातून काढलं जाईल. मग माझ्या सदस्यांना म्हणाले, आपली वेळ संपली.

चार मिनिटं बाकी होती. ते खाली बसले.

संध्याकाळी त्या भाषणाचा अधिकृत अनुवाद माझ्याकडेच आला. दुभाष्याचं बोलणं छापलं जात नाही. ध्वनिफीत ऐकून नव्याने भाषांतर होतं आणि तारांकित टीप पडते की मूळ भाषण मराठीत. मी सावकाश, चहा घेत, ‘ग्राम-रक्षक देवता’ लिहिलं. चपलांचं वाक्य नीट बसवलं. छापील इतिवृत्तात ‘चौकीदार’ हा शब्द कुठेच नाही. तिथे आहे ते असं: सदस्य म्हणतात, आम्ही ग्रामदेवतेला चपला वाहतो. मग कंसात, व्यवधान, म्हणजे गोंधळाने पडलेला खंड. मग पीठावरून, आक्षेपार्ह असेल ते काढलं जाईल. उद्या कुणी अभ्यासक ते पान उघडेल तर त्याला वाटेल, या सभागृहाला कोकणातला देव सहन झाला नाही. तो कंस माझा आहे, आणि त्याला तारांकित टीप नाही.

सदस्य मला नंतर मार्गिकेत भेटले. मी काही बोलायच्या आत हसले. त्यांना तोवर कुणीतरी सांगितलं होतं. भाषणात शुद्ध मराठी बोलणारा माणूस एकदम आजोळच्या बोलीवर आला: “गो बाय, वेतोबाक चौकीदार केलंस मगे!” मी म्हटलं, “साहेब, चुकले.” ते म्हणाले, “चौकीदारच तो. पगार नाय इतकाच.” मग जरा थांबून विचारलं, “चपलांचा त्यांका कळला काय?” मी हो म्हटलं. खोटं. त्यांच्या चेहऱ्याला बरं वाटलं म्हणून नव्हे, माझ्यासाठी म्हटलं.

पुढच्या अधिवेशनात चर्चा पुन्हा आली. मंत्रिमहोदयांनी उत्तर दिलं, ते ठरलेल्या चाकोरीत: भावना उदात्त, पर्यटन मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीत, सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं. विधेयक मांडणाऱ्यांनी मागे घेतलं. उत्तर देताना एकेका सदस्याचा मुद्दा घेतला जातो. अधिकाऱ्यांच्या दीर्घेत, म्हणजे गॅलरीत, बसलेले लोक यंत्रावर ऐकून टिपणं काढतात आणि त्यांतून ते तयार होतं. माझ्या सदस्यांच्या वाट्याला एक वाक्य आलं. पर्यटनस्थळी नेमलेल्या सुरक्षा कर्मचाऱ्यांचा गणवेश, पादत्राणं इत्यादी सोयी हा स्थानिक प्रशासनाचा प्रश्न आहे.

मी तेव्हा पाळीवर होते. माझ्या सदस्यांनी यंत्र काढून बाकावर ठेवलं आणि वर काचेकडे बघितलं. त्यांच्या टिपणातल्या सहाव्या मुद्द्याखाली, दोन रेघांच्या पुढे, एक ओळ आहे जी बोलायची राहिली: प्राधिकरणावर एक खुर्ची ग्रामसभेची. कागद अजून लाल वहीत आहे, ‘र’च्या पानावर.